नळीवरचं नाव आणि आतला दाब

(आमच्या सरांच्या स्मृतीसाठी त्यांचे विद्यार्थी दरवर्षी पुण्यात भरवतात त्या व्याख्यानमालेतील व्याख्यान. बोललो तसंच छापायला दिलं आहे; पडद्यावर दाखवलेल्या छायाचित्रांच्या जागी दोन-चार वाक्यं वाढवली आहेत.)



मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जास्त दाबाची काडतुसं सुरक्षितपणे कशी वापरावीत, हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी मला एकच प्रश्न विचारला. सरांच्या नावाच्या व्याख्यानाला हा विषय शोभेल का? प्रश्न रास्त होता, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

सर दुसऱ्या वर्षाला आम्हाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवायचे. नळकांड्याच्या भिंतीवर येणाऱ्या ताणाचं सूत्र फळ्यावर लिहायच्या आधी त्यांनी पिशवीतून घरचा प्रेशर कुकर काढून टेबलावर ठेवला. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, इथे बसल्या आहेत; त्यांना आठवत असेल, कारण त्या दिवशी घरी भात पातेल्यात झाला होता. कुकरचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग कोणता, असं त्यांनी विचारलं. शिटी, असं आम्ही एका सुरात म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि झाकणावरच्या बटणाएवढ्या गोल तुकड्यावर बोट ठेवलं. शिटी चोंदली तर हा मऊ धातू वितळतो, वाफेला वाट मिळते आणि स्वयंपाकघरात उभं असलेलं माणूस वाचतं. त्या तासाला सरांनी आम्हाला एक सवय लावली. दाबाखालची कुठलीही वस्तू समोर आली की आधी दोन गोष्टी विचारायच्या: हिची ताकद किती, आणि दाब वाढलाच तर वाट कुठे?

रिव्हॉल्व्हर ही दाबाखालची वस्तू आहे. आणि तिला शिटी नाही, वितळणारा तुकडाही नाही. घरातला कुकर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड दाबावर चालतो. मी आज ज्या काडतुसाबद्दल बोलणार आहे, त्याची मूळची, अगदी सौम्य आवृत्तीसुद्धा १४,००० पौंडांपर्यंत जाते. हातात धरलेल्या, चेहऱ्यापासून दोन फुटांवर असलेल्या पोलादात. सरांचे दोन्ही प्रश्न इथे जितके लागू पडतात तितके क्वचितच कुठे पडत असतील. म्हणून हा विषय.

मी धातुशास्त्रज्ञ. तीस वर्षांहून जास्त काळ अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात काढला. पोलादाच्या तुकड्यांना तडे का जातात हे शोधणं ही नोकरी, आणि शनिवारी-रविवारी गावाच्या नेमबाजी मैदानावर सुरक्षा बघणं ही हौसेची सेवा. त्या मुलखात मासे पकडायला नदीवर जाणारा माणूसही अस्वलाच्या भीतीने कमरेला जड रिव्हॉल्व्हर लावून जातो. शस्त्र असावं की नसावं हा आजचा विषय नाही. ज्यांच्याकडे ते कायद्याने आहे, त्यांची बोटं आणि डोळे शाबूत राहावेत, एवढीच माझी कळकळ आहे. आणि पुणेकरांना काडतूस अगदीच परकं नाही. खडकीत १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे. पण आजची गोष्ट मुख्यतः अमेरिकेची आहे, आणि ती तिथेच राहू देतो.

सुरुवात १८७३ पासून करू. त्या वर्षी अमेरिकन सैन्याने कोल्ट कंपनीचं सहा बारी रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. सिनेमात काऊबॉयच्या कमरेला दिसतं तेच. त्याचं काडतूस म्हणजे .४५ कोल्ट. त्यात ४० ग्रेन काळी दारू आणि तिच्यावर २५५ ग्रेनच्या आसपासची शिशाची गोळी. काळी दारू जागा फार खाते, म्हणून पितळी पुंगळी चांगली लांब ठेवलेली. पुंगळी दारूने भरली की विषय संपला, जास्त भरायला जागाच नाही. म्हणजे बघा, त्या काळात पुंगळीचं आकारमान हीच दाबावरची मर्यादा होती. कुणी मुद्दाम योजली नव्हती, पण होती.

मग बिनधुराची दारू आली. तेवढंच काम करायला ती जेमतेम तळाशी मावेल इतकी पुरते. काडतूस तेच, नाव तेच, बाहेरून दिसायलाही तेच. पण आता पुंगळीचा मोठा भाग रिकामा. त्या रिकाम्या जागेत चुकून दुप्पट दारू पडली तरी ओसंडून बाहेर येत नाही, आणि गोळी वर बसवली की काहीच दिसत नाही. जी मर्यादा आकाराने घातलेली होती ती नाहीशी झाली. तिच्या जागी माणसाचं लक्ष आलं. मला ही या सगळ्या इतिहासातली कळीची जागा वाटते, आणि पुढचं सगळं इथूनच निघतं.

कोल्ट कंपनीने आपल्या या रिव्हॉल्व्हरची बिनधुराच्या दारूसाठी हमी दिली ती १९०० साली. त्याआधीची जी शस्त्रं आजही लोकांच्या कपाटांत आहेत, त्यांच्यासाठी ती दारू नव्हेच. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या शस्त्र आणि काडतूस बनवणाऱ्यांनी मिळून सामी ही प्रमाणीकरण संस्था काढली. तिच्या कोष्टकात .४५ कोल्टची कमाल मर्यादा आजही चौरस इंचाला १४,००० पौंड आहे. ती इतकी खाली का? कारण या नावाचं काडतूस कुणाच्या पणजोबांच्या शस्त्रात जाईल, हे कारखान्यात बसून कळत नाही. सगळ्यांत अशक्त म्हाताऱ्याला झेपेल तेवढंच ओझं सगळ्यांना, असा तो हिशोब आहे. मला तो शहाणपणाचा वाटतो.

पण माणूस अस्वस्थ प्राणी आहे. एल्मर कीथ नावाचा आयडाहोतला एक तरुण गुराखी होता. पुढे रिव्हॉल्व्हरवर लिहिणारा अमेरिकेतला बहुधा सर्वांत प्रभावी लेखक झाला. १९२५ सालच्या चार जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या पहाटे, त्याने आपलं कोल्ट हवेत झाडायला सुरुवात केली. काडतुसं त्याने स्वतः भरलेली होती, त्यांत रायफलीसाठी घडवलेली जड गोळी बसवलेली. दुसऱ्या बाराला नेहमीपेक्षा मोठा आवाज झाला आणि जाळ दिसला. हाताने सवयीप्रमाणे घोडा पुन्हा ओढला, चाप दाबला, आणि काहीच झालं नाही. बघतो तर सिलिंडरमधल्या, काडतूस बसायच्या तीन घरांचा वरचा अर्धा भाग उडालेला, आणि सिलिंडरवरून जाणारी फ्रेमची पट्टीही गायब. कानांत घणघण सोडली तर तो वाचला. त्याने हे सगळं लपवलं नाही, त्यावर लेख लिहिला आणि छापून आणला. अपघात झाला की तो प्रामाणिकपणे टिपून ठेवणारा माणूस मला अभियंत्यांच्या जातीचा वाटतो, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो.

तीनच घरं का, आणि वरचीच का? सरांचं सूत्र आठवा: दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. जाडी खाली आहे, म्हणून भिंत पातळ झाली की ताण चढतो. भिंत जाड असेल तर हे सोपं सूत्र पुरत नाही, लामेचं घ्यावं लागतं. पण तेही हेच सांगतं की सगळ्यांत मोठा ताण आतल्या पृष्ठभागावर असतो. कोल्टच्या सिलिंडरचा व्यास सुमारे १.६५ इंच. त्यात .४५ ची सहा घरं कोरली की दोन घरांमधली आणि घर व बाहेरची बाजू यांमधली भिंत अगदी बारीक उरते. वरचं घर फुटलं की शेजारची दोन्ही त्याच्यासोबत जातात. कीथने यावर काढलेला उपाय साधा होता. त्याच मापाच्या सिलिंडरमध्ये त्याने .४५ ऐवजी .४४ स्पेशल घेतलं. भोक लहान, भिंत जाड. पुढची तीस वर्षं तो त्याच काडतुसाची ताकद वाढवण्याचा पाठपुरावा करत राहिला.

आता मला आवडणारा भाग. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम बाजारात आणलं. मुळात ते .३८ स्पेशलचंच बलवान भावंड. गोळीचा व्यास तोच. .३८ स्पेशलची मर्यादा आजच्या कोष्टकात १७,००० आहे, .३५७ मॅग्नमची ३५,०००, म्हणजे दुपटीहून जास्त. मग हे बलवान काडतूस कुणी जुन्या अशक्त रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं तर? त्यांनी काय केलं, तर पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंचाने लांब केली. दारू जास्त मावावी म्हणून नव्हे. जागा भरपूर होती. ते जुन्या शस्त्राच्या घरात पूर्ण बसूच नये म्हणून. सिलिंडर मिटणारच नाही. ज्याला वाचता येत नाही, ज्याला घाई आहे, ज्याच्या चष्म्याचा नंबर वाढला आहे, त्या सगळ्यांना ती एक अष्टमांश इंच अडवते. १९५५च्या अखेरीला स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी .४४ मॅग्नम आणलं तेव्हा तीच युक्ती पुन्हा: .४४ स्पेशलपेक्षा पुंगळी एक अष्टमांश इंच लांब. कुकरवरच्या त्या तुकड्यानंतर, धोक्याचा विचार वस्तूच्या आकारात बसवल्याचं इतकं नेटकं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

जाता जाता एक. .३८ ची गोळी .३५७ इंचांची असते, .४४ ची .४२९ इंचांची. म्हणजे नळीवर कोरलेला आकडा हे धड मापही नाही. ते नाव आहे, जसं आपल्याकडे एखाद्या बुटक्या माणसाचं आडनाव लांबे असावं. त्याच्यावरून ताकदीचा अंदाज बांधणाऱ्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आणि आता .४५ कोल्टकडे परत येऊ, कारण या काडतुसाला ती एक अष्टमांश इंच कधी मिळालीच नाही.

१९७१ मध्ये रुगर कंपनीने आपलं ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर .४५ कोल्टमध्ये काढलं. सिलिंडरचा व्यास सुमारे १.७३ इंच, पोलाद आधुनिक, उष्णतासंस्कार चांगले, फ्रेम दणकट. हे शस्त्र १४,००० पेक्षा कितीतरी जास्त सोसतं, हे लोकांच्या लगेच लक्षात आलं. काडतुसं भरण्याच्या पुस्तकांत वेगळं कोष्टक छापलं जाऊ लागलं: फक्त रुगर आणि तितक्याच मजबूत शस्त्रांसाठी. पुढे काही कंपन्या अशी तयार काडतुसंही विकू लागल्या. त्यांचा दाब ३०,००० च्या आसपास जाऊ शकतो. पुंगळीची लांबी मात्र तीच, आणि तळावरचं नावही तेच, .४५ कोल्ट. १८७३ च्या शस्त्रात ते काडतूस लोण्यासारखं सरकतं, आणि अडवणारं कुणीच नसतं. असते ती फक्त खोक्यावरची एक ओळ.

काही खोक्यांवर प्लस पी असं लिहिलेलं असतं. .३८ स्पेशलच्या बाबतीत प्लस पी म्हणजे २०,००० पौंडांची मर्यादा, हे सामीने १९७४ मध्ये ठरवून दिलं आहे. .४५ कोल्टसाठी सामीने अशी कुठलीही प्लस पी मर्यादा ठरवलेली नाही. त्या खोक्यावरचा प्लस पी हा त्या कंपनीचा स्वतःचा शब्द आहे; दोन कंपन्यांच्या प्लस पीचा दाब सारखाच असेल असं धरून चालता येत नाही. ही अक्षरं बघून ज्यांना प्रमाणित काहीतरी हातात आल्याचा दिलासा वाटतो, त्यांना मी मैदानावर थांबवतो आणि खोका उलटा करून मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावतो. माणसं आधी वैतागतात. मी तरीही लावतो.

बरं, फक्त रुगरसाठी ही सूचना तरी कायम निःसंदिग्ध राहिली का? नाही राहिली. त्या कंपनीचं व्हॅकेरो नावाचं रिव्हॉल्व्हर १९९३ मध्ये आलं. त्याचा सांगाडा ब्लॅकहॉकचाच, मोठा. २००५ मध्ये त्याच्या जागी न्यू व्हॅकेरो आलं. दिसायला ते जुन्या कोल्टच्या जास्त जवळचं, म्हणून सांगाडा लहान केलेला, सिलिंडरही लहान. नळीवर तेच .४५ कोल्ट आणि बाजूला तेच रुगर. जुन्या पुस्तकातली ओळ तशीच उभी, पण तिचा अर्थ पायाखालून सरकलेला. न्यू व्हॅकेरोत ती जड काडतुसं घालायची नाहीत. दोन शस्त्रं शेजारी ठेवली तर फरक दिसतो, एकटं हातात असेल तर सराईत माणसालाही क्षणभर थांबावं लागतं. ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याला नाव, मॉडेल आणि क्रमांक या तिन्ही गोष्टी ठाऊक हव्यात, असा माझा आग्रह यामुळेच. शंका असेल तर शस्त्राच्या कंपनीला विचारावं. काडतूस विकणाऱ्याला विचारून भागत नाही.

डिक कॅसल नावाच्या युटातल्या कारागिराला .४५ मधून फार मोठी ताकद काढायची होती. त्याने पन्नासच्या दशकात .४५४ कॅसल काडतूस घडवलं, ज्याची मर्यादा आज ६५,००० आहे. १९८३ मध्ये वायोमिंगमधल्या फ्रीडम आर्म्सने त्यासाठी रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. या माणसाबद्दल मला आदर आहे तो दोन निर्णयांसाठी. एक, त्याने पुंगळी .४५ कोल्टपेक्षा सुमारे एक दशांश इंचाने लांब केली, म्हणजे हरवलेला अडसर परत आणला. आणि दोन, सिलिंडरला सहाऐवजी पाचच घरं ठेवली.

पाच का, हे या सभागृहात सांगायला मला विशेष आनंद होतो. सिलिंडर फिरून नेमका नळीसमोर थांबावा म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगाला खाचा असतात. घरं जितकी तितक्या खाचा. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये खाच बहुधा घराच्या बरोबर वर येते. म्हणजे जिथे भिंत आधीच सगळ्यांत पातळ, तिथेच आपण अजून धातू खरवडून काढतो. काही कंपन्या खाच किंचित बाजूला सरकवतात. पाच घरांत मात्र खाच दोन घरांच्या मधल्या जाड धातूवर पडते. एक गोळी कमी केली आणि भिंतही जाड झाली, जखमही योग्य जागी गेली. अशा शस्त्राच्या आत काय चालतं याची कल्पना यावी म्हणून मी हिशोब केला. .४५ च्या गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ चौरस इंचाच्या सहाव्या हिश्शाहून थोडं कमी. १४,००० दाबाला त्यावर साधारण एक टन बल येतं. ६५,००० ला पावणेपाच टन. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात हे येऊन जातं.

(पडद्यावर सिलिंडरचं छायाचित्र.) हे छायाचित्र मी माझ्या प्रयोगशाळेत काढलेलं आहे. नेमबाजीतल्या एका परिचिताचं हे रिव्हॉल्व्हर. तो त्यात बरीच वर्षं जड काडतुसं वापरत होता, आणि प्रत्येक वेळी मला सांगायचा, बघा, काही झालं का? एके दिवशी रिकाम्या पुंगळ्या बाहेर निघेनात, लाकडी दांडी लावून ठोकाव्या लागल्या. मी सिलिंडर मागून घेतला आणि त्यावर रंगद्रव्य सोडून पुसलं. खाचेच्या तळाशी केसाएवढी लाल रेघ उमटली, दुसऱ्या खाचेतही. घराचा व्यास मोजला तर खाचेखाली तो फुगलेला. पोलाद फुटलं नव्हतं, पण ते मूळ मापावर परतही आलं नव्हतं. तो गप्प झाला, मीही गप्प होतो. काही झालं का या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं आतून लिहिलं जात होतं.

इथे एक गैरसमज आहे, आणि तो मला सगळ्यांत घातक वाटतो. काडतुसं स्वतः भरणारे लोक दाबाची लक्षणं बघतात: पुंगळीच्या तळाचा, घोडा ज्यावर आपटतो तो प्रायमर चपटा झाला का, पुंगळी घरात चिकटते का. लक्षण दिसलं तर थांबू, तोवर ठीक. आता विचार करा. पितळाचा प्रायमर त्याच्या स्वतःच्या गुणधर्मांनुसार चपटा होतो, त्याला कुणाचं शस्त्र अशक्त आहे हे माहीत नसतं. ज्या दाबाला तो सपाट दिसू लागतो तो दाब जुन्या कोल्टच्या सहनशक्तीच्या फार पलीकडे असतो. म्हणजे मजबूत शस्त्रात हे लक्षण उशिरा का होईना उपयोगी. अशक्त शस्त्रात ते दिसायच्या आधी शस्त्र गेलेलं असतं. चिकटणारी पुंगळी त्या मानाने बरी साक्षीदार. ती घराची भिंत ताणली गेल्याचं सांगते. पण तीही झाल्यावर सांगते, आधी नाही.

दाब मोजण्याबद्दलही एक शब्द. जुन्या पद्धतीत तांब्याची छोटी दंडगोल गोटी चेंबरला लावत, बार झाल्यावर ती किती चेपली ते मोजत. आता स्फटिकाचा संवेदक लावतात. दोन्ही आकडे वेगळे येतात, आणि एकाचा दुसऱ्यात सरळ गुणाकार होत नाही. .४४ मॅग्नमची मर्यादा तांब्याच्या मापात ४०,००० आहे, स्फटिकाच्या मापात ३६,०००. दोन वेगळ्या पुस्तकांतले आकडे शेजारी ठेवून चार हजारांची फट शिल्लक आहे असं समजणारे लोक मी पाहिले आहेत. फट कुठेच नसते, ते एकाच गोष्टीचे दोन उच्चार आहेत.

भारताशी जोडलेलं एक उदाहरण देतो. वेब्ली मार्क सहा, ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारलेलं .४५५ चं रिव्हॉल्व्हर. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांत सर्वत्र होतं, ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या कमरेलाही. नंतर शिलकी माल म्हणून ही शस्त्रं अमेरिकेत गेली. तिथे .४५५ ची काडतुसं मिळेनात, म्हणून विकणाऱ्यांनी सिलिंडरचा मागचा भाग तासून त्यात पिस्तुलाचं .४५ एसीपी काडतूस बसेल असं केलं. .४५५ ची मर्यादा सुमारे १३,०००, .४५ एसीपीची २१,०००. तासलेल्या वेब्लीत साधं, दुकानात मिळणारं काडतूस म्हणजे दर बाराला चाचणीच्या दाबाहून मोठा भार. ब्रिटनमध्ये शस्त्र विकण्याआधी सरकारमान्य चाचणीगृहात जादा दाबावर झाडून बघायची पद्धत जुनी आहे; लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ चं. त्या वेब्लीवर हे शिक्के इमानाने उमटवलेले होते. शिक्का मारणाऱ्याने चूक केली नव्हती. नंतर कुणीतरी कानस फिरवली, आणि शिक्का मागे तसाच राहिला. युरोपातल्या अनेक देशांत आजही आंतरराष्ट्रीय नियमाने प्रत्येक रिव्हॉल्व्हर कमाल मर्यादेहून तीस टक्के जास्त दाबाच्या काडतुसावर तपासून मगच विकता येतं. पण तो तीस टक्क्यांचा राखीव साठा रोज खर्च करायला नसतो, हे सर असते तर त्यांनी टेबलावर खडू आपटून सांगितलं असतं.

आता मैदानावरच्या चार गोष्टी. भिंत फुटणं हा एकच धोका नव्हे.

रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असतेच. तिच्यातून पेटलेला वायू दोन्ही बाजूंना चाकूसारखा सुटतो. .४६० किंवा .५०० स्मिथ अँड वेसनसारख्या काडतुसांत, ज्यांची मर्यादा साठ हजारांच्या घरात आहे, हा झोत बोट कापून काढू शकतो. पिस्तूल धरायच्या सवयीने डावा अंगठा पुढे सरकवणाऱ्याचा अंगठा नेमका तिथे येतो. मी नव्या माणसाला गोळी देण्याआधी रिकाम्या शस्त्रावर त्याची पकड बघतो, दोन्ही अंगठे सिलिंडरच्या मागे असतील तरच पुढे.

दुसरं, मागचा धक्का. हलक्या शस्त्रात जड काडतूस झाडलं की शस्त्र झटक्याने मागे येतं, आणि उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जडत्वामुळे जिथल्या तिथे राहू पाहतात. पुंगळीच्या तोंडाची पकड ढिली असेल तर गोळी हळूहळू पुढे सरकते आणि सिलिंडरच्या बाहेर डोकावते. मग सिलिंडर अडकतो. अस्वलासमोर उभ्या असलेल्या माणसाचं शस्त्र त्याच क्षणी बंद पडावं, याहून वाईट काय? म्हणून नवीन काडतूस घेतलं की एक सोडून सगळी झाडायची, आणि न झाडलेल्या शेवटच्या काडतुसाची लांबी मोजायची.

तिसरं, आवाज. नेहमीपेक्षा हलका, फुसका बार झाला तर हात थांबलाच पाहिजे. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्या मागून आलेली दुसरी गोळी चांगली नळी फुगवते किंवा चिरते. कीथच्या हाताने काय केलं ते आठवा: बघायच्या आधी पुन्हा घोडा ओढला होता. हाताची सवय मनापेक्षा वेगवान असते, म्हणून थांबायचीही सवयच लावून घ्यावी लागते.

आणि स्वच्छता. .४४ मॅग्नमच्या घरात खूप दिवस आखूड .४४ स्पेशल झाडली की तिच्या तोंडापुढे काजळी आणि शिशाचं कडं साचतं. मग लांब मॅग्नम घातलं की तिचं तोंड त्या कड्यात आवळलं जातं, गोळी सहज सुटत नाही आणि दाब वाढतो. काडतूस योग्य, शस्त्र योग्य, तरीही. ब्रशने पाच मिनिटांचं काम आहे. डोळ्यांवर गॉगल आणि कानांवर मफ हे तर गृहीतच. क्षणिक आवाजाची सुरक्षित मर्यादा १४० डेसिबल मानतात, आणि मॅग्नमचा बार ती सहज ओलांडतो. माझ्या डाव्या कानात गेली वीस वर्षं रातकिडा ओरडतो, तो मफ उचलून कुणाचं तरी बोलणं ऐकायला गेलेल्या एका क्षणाचा आहे.

शेवटची गोष्ट एका तरुणाची आहे, नाव सांगत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी तो मैदानावर आला. मऊ फडक्यात गुंडाळलेलं, निळसर रंग उडून तपकिरी झालेलं कोल्ट त्याने टेबलावर ठेवलं. आजोबांचं, आणि त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांचं. आजोबा त्याच महिन्यात गेले होते. त्यांची आठवण म्हणून सहा बार काढायचे, अशी त्याची इच्छा. सोबत दुकानातून आणलेला कोरा करकरीत खोका. वर .४५ कोल्ट, नळीवरही .४५ कोल्ट. त्याच्या दृष्टीने सगळं जुळत होतं, आणि त्याला दोष देता येत नाही. मी खोका उलटा केला. बारीक अक्षरांत चार-पाच मजबूत शस्त्रांची नावं होती, त्यात हे नव्हतं. मग शस्त्राचा क्रमांक पाहिला. १९०० च्या कितीतरी आधीचा.

मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो खोक्याकडे बघत राहिला. काडतूस घरात बसतंय ना, असं त्याने दोनदा विचारलं. बसतंय म्हणालो. तेच तर.

त्या दिवशी त्याने काही झाडलं नाही. शस्त्र जुन्या कोल्टची कामं करणाऱ्या एका कारागिराकडे गेलं. त्याने घरं मोजली, तडे तपासले, घोड्याच्या खाचा बघितल्या आणि काळ्या दारूपुरती परवानगी दिली. तीन महिन्यांनी मुलगा परत आला, तेव्हा त्याची आईही बरोबर होती. मी माझ्या हाताने तपासून पाच काडतुसं दिली. सहावं घर रिकामं ठेवून घोडा त्यावर आणला, कारण त्या जुन्या शस्त्रात घोड्याखाली काडतूस ठेवायचं नसतं. त्याने सावकाश पाच बार काढले. पांढऱ्या धुराचा ढग मैदानावर रेंगाळला, गंधकाचा वास आला, माझ्या लहानपणीच्या दिवाळीचा. मग त्याने बाजूची झडप उघडली, नळी आभाळाकडे केली आणि पुंगळ्या बाहेर ढकलायच्या दांडीला हात घातला. दांडी लागलीच नाही. सिलिंडर फिरत गेला तशा पाचही पुंगळ्या आपल्या वजनाने घसरून त्याच्या तळहातावर पडल्या.